बंब, माठ आणि मतलई वारा

उठा, पाच वाजले. पाठीखाली चटई आहे, चटईखाली शेणानं सारवलेली ओटी, आणि मानेवर रात्रभर चावलेल्या डासांच्या गांधी. पंख्याचं बटण शोधायला भिंतीवर हात फिरवू नका. हाताला खुंटी लागेल, खुंटीवरची काळी टोपी लागेल, कंदिलाच्या काजळीचा डाग लागेल. बटण लागणार नाही. तुम्ही अंधेरीत आहात, साल १९२९, एप्रिल सरत आलाय आणि या घरात वीज नाही. शेजारच्या घरातही नाही.

वीज गावातून रोज जाते मात्र. ऐका, ती आलीच! आधी जमिनीतून थरथर, मग फळीवरच्या पेल्यांची किणकिण, मग गाडी. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची लोकल गेल्या वर्षीच्या ५ जानेवारीपासून बोरिवलीपर्यंत विजेवर धावते. रुळांवरच्या तारेत पंधराशे व्होल्ट खेळतायत, आणि त्याच तारेखालून फाटक ओलांडणारा माणूस हातात रॉकेलचा कंदील घेऊन चाललाय. तिकडे शहरात फोर्टातल्या कचेऱ्यांमध्ये साहेबांच्या डोक्यावर पंखे गरगरतात. उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी अजून जन्मायची आहे. ती येत्या १ ऑक्टोबरला स्थापन होईल, आणि दिवे लागायला पुढचं वर्ष उजाडेल. तोवर ऊब आणि गारवा या दोन्ही गोष्टी इथे उचलून आणाव्या लागतात. आज तुम्हीही थोड्या उचला.

"अहो पाहुणे, उठलात का? मग जरा बंब पेटवायला घ्या," मागच्या दारातून काकूंची हाक येते.

न्हाणीच्या कोपऱ्यात तो उभा आहे. तांब्याचा, कमरेइतका उंच, चिंच आणि राख लावून घासलेला. कान दोन, म्हणजे दोघांनी धरून अंगणात नेता येतो. झाकण उघडून आत डोकवा. मधोमध एक नळकांडं खालपासून वरपर्यंत गेलंय आणि त्याच्याभोवती पाणी. विस्तव नळकांड्यात, पाणी त्याच्या चहूबाजूंना. चुलीवर हंडा ठेवला की निम्मी आच हंड्याच्या कडेनं निसटून जाते. इथे आचेला वर जायचं तर पाण्याला चाटूनच जावं लागतं. खालच्या जाळीतून राख पडते आणि त्याच जाळीतून हवा वर ओढली जाते. धुराडं तापलं की ओढ वाढते, ओढ वाढली की विस्तव फुलतो. ज्या कुणा तांबटानं हे पहिल्यांदा ठोकून काढलं, त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही याचं मला वाईट वाटतं.

आधी करवंट्या टाका, मग नारळाची सोडणं, वर गोवरीचा तुकडा. रॉकेलचा शिडकावा, काडी. भक्क! धूर सगळा तुमच्या डोळ्यांत. खोका, डोळे पुसा, मान वळवा. करवंटी तडतडायला लागली की धूर पातळ होतो आणि भाजक्या खोबऱ्याचा वास न्हाणीभर पसरतो. थोड्या वेळानं बंब गुणगुणायला लागेल. तोटीखाली घंगाळ सरकवा. पाणी कढत आहे, पिंपातलं विसण घाला, बोट बुडवून बघा. आता काकूंचा कायदा ऐका: जेवढं गरम पाणी काढाल, तेवढं गार पाणी वरून बंबात ओतायचं. बंब कोरडा पडला तर आतला डाख वितळतो, आणि मग तांबटाची फेरी येईपर्यंत घर चुलीवर पाणी तापवत बसतं. थंडीच्या दिवसांत या एका विस्तवावर अख्ख्या घराच्या अंघोळी होतात.

पण आत्ता, एप्रिलात, पहाटेच्या वेळी अंग चिकट झालेलं असताना कढत पाणी कशाला? आत बाळंतीण आहे, तिच्यासाठी.

तुम्ही बाई असाल तर आत या. पुरुष असाल तर उंबरठ्याबाहेरूनच, आणि तेही मान खाली घालून. खोली काळोखी आहे. दार लोटलेलं, खिडकीला गोधडी अडकवलेली. सुईण तेल चोळून, न्हाऊ घालून नुकतीच उठली आहे. बाजेवर बाळंतीण, कुशीत फडक्यात गुंडाळलेलं बाळ, आणि बाजेखाली मातीची शेगडी. निखाऱ्यांवर राखेचा थर आहे. तो थर म्हणजे इथलं आच कमीजास्त करायचं बटण: राख सारली की धग वाढते, राख लोटली की निखारा अर्धा दिवस जिवंत राहतो. सुईण चिमूटभर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीच्या साली निखाऱ्यांवर टाकते. धुरी उठते. नाकात झणका, घशात खवखव, कपाळावरून घामाची धार. बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे बघा. कंबरेला शेक लागल्यावर तिचे डोळे सुखानं मिटलेत. नऊ महिने भार वाहिलेल्या पाठीला ती ऊब खरंच हवी आहे, आणि ती ऊब देण्यासाठी सासू, सुईण आणि नणंद अशा तीन बायका पहाटेपासून राबतायत.

तरीही, तुम्ही आजच्या काळातून आला आहात, तर एवढं काम कराच. गोधडी हळूच बाजूला करून खिडकीचं दार वीतभर उघडा. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीत तो झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. "वारा लागेल हो बाळाला!" म्हणून सुईण खिडकी लावेल. ती वळली की तुम्ही पुन्हा उघडा.

आता बाहेर या आणि नाक वर करून उभे राहा. वारा पूर्वेकडून येतोय, पवई-मरोळच्या टेकड्यांवरून. वाळकं गवत, जळका पाला, शेतातली भाजलेली माती यांचा वास त्याला आहे. हा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. जिभेनं ओठ चाटून पाहा, लगेच कोरडे होतात. दुपारी तो पडेल आणि वर्सोव्याकडून खारा वारा सुटेल. त्यात मीठ असेल, ओल्या जाळ्यांचा आणि वलांडीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास असेल. शाळेत तुम्ही हे दोन वारे भूगोलाच्या पेपरापुरते पाठ केले होते. अंधेरीत आज त्यांच्यावर अख्खं घर चालतं.

कारण घरातला गारवा आहे त्या माठात. पाहा, तो स्वयंपाकघराच्या गार वाटणाऱ्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला नाही. ओटीच्या टोकाला, जिथे वारा सर्वांत जास्त लागतो तिथे, तिवईवर आहे. बुडाखाली ओली वाळू. अंगाला पाण्याचे बारीक थेंब फुटलेत. कुंभारानं मातीत रेती आणि राख मिसळलेली असते. भट्टीतून निघालेल्या माठाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं राहतात, त्यातून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या अंगावर वाऱ्यानं उडून जातं. उडताना ते आपल्याबरोबर उष्णता नेतं, आणि ती थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी उडून जायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे सात किलो बर्फ वितळेल! माठाच्या अंगावरून दिवसभरात उडालेलं पाणी जो उष्मा घेऊन जातं, त्याच्या बदल्यात तुमच्या वाट्याला हा पेला येतो. प्या. आधी मातीचा वास, मग वाळ्याच्या जुडीचा, मग दातांना जाणवणारा थंडावा. घाई नको, काकूंनी सोबत गुळाचा खडा दिलाय.

आता यातली मेख ऐका, कारण मुंबईच्या माणसाला ती ठाऊक असायलाच हवी. पाणी उडायला हवा कोरडी लागते. मतलई वारा वाहत असला, पारा अडतिसाला टेकला असला, तर माठातलं पाणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनीसुद्धा खाली जातं. खारा वारा सुटला की हवा दमट होते, पाझर अंगावरच राहतो, आणि तोच माठ जेमतेम चार-पाच अंशांचा फरक देतो. म्हणजे जो दिवस अंगाला जास्त जाळतो, त्याच दिवशी माठ जास्त गार करतो. खारा वारा वेळेवर न आलेले दिवस मुंबईचे सर्वांत तापलेले दिवस असतात. १४ एप्रिल १९५२ ला सांताक्रूझला पारा ४२.२ अंशांवर चढेल, तेवढा त्याआधी किंवा नंतर तिथे कधी चढलेला नसेल.

चला, स्टेशनाकडे. पायात वहाणा घाला, धूळ आत्ताच तापली आहे. रस्त्यावर टांग्यांची रांग, घोड्यांच्या मुताचा आंबूस दर्प, आंब्याच्या पेट्यांतल्या गवताचा गोड वास, कोळणींच्या पाट्यांभोवती घोंघावणाऱ्या माश्या. "ताडगोळे घ्या, ताडगोळे!" म्हणून एक म्हातारी पळसाच्या पानांवर मांडून बसली आहे. एक घ्या, साल काढा, दात लावा, आतलं पाणी हनुवटीवरून ओघळू द्या. टांग्याच्या दांडीला कॅनव्हासची छागल लटकते आहे, बाहेरून ओलीचिंब. माठाचीच युक्ती, पण फुटण्याचं भय नाही आणि टांगा पळेल तसा वारा आपोआप लागतो. टांगेवाला बूच काढून दोन घोट देईल. पाण्याला तागाच्या गोणीचा वास येतो. तहान लागली असेल तर तो कळणार नाही.

लिंबाखाली परटाची घडवंची आहे. त्याची इस्त्री उचलून बघा, मनगट वाकतं. पोटात लाल कोळसे. तो ती हवेत दोनदा झुलवतो, राख उडते, निखारे फुलतात. मग केळीच्या पानावरून एकदा फिरवतो आणि पांढऱ्याशुभ्र धोतराला लावतो. तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडल्याचा आवाज, आणि खळ तापल्याचा वास. उन्हातल्या माणसाच्या हातात आणखी एक विस्तव.

पलीकडच्या बंगल्याच्या व्हरांड्यात शिरा. उघड्या कमानींना वाळ्याचे पडदे सोडलेत, आणि बाहेर एक पोऱ्या पत्र्याच्या डब्यानं त्यांवर पाणी मारतोय. पडदा बाजूला करून आत पाऊल टाका. अहाहा! पहिला वळीव पडल्यावर जो वास येतो, त्याच वासानं अख्खी खोली भरली आहे. डोळ्यांना काळोख, कातडीला गारवा, घामाला एकदम ओहोटी. पूर्वेचा झळा मारणारा वारा त्या ओल्या मुळ्यांमधून गाळून आत येतो आणि येता येता आपली धग पाण्याला देऊन टाकतो. खोलीतले वकीलसाहेब आरामखुर्चीत घोरतायत. पडदा पुन्हा सारून त्या पोऱ्याकडे बघा. गारवा आतल्या बाजूला पडतो, तो बाहेर उन्हात उभा आहे. तळपाय पोळू नयेत म्हणून सांडलेल्या पाण्यात पाय बदलत उभा राहतो. वाळ्याच्या पडद्यांविषयी लिहिणाऱ्यांनी सुगंधाची वर्णनं भरपूर केली आहेत. मला विचाराल तर त्या पडद्याचं निम्मं यंत्र हा मुलगा आहे.

दोनच्या सुमारास अचानक झावळ्या उलट्या वळतात. खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक, बोंबलांचा वास. पडदे आता नुसते ठिबकतात, गार करत नाहीत. खोली उलट कोंदट होते. मुलाला सांगा, "बस झालं रे बाळा, आता सावलीत बस."

आणि आता दुपारची खरी मौज. काकूंच्या घरी आइस्क्रीमचा पॉट काढलाय! बर्फ आणायला थोरला मुलगा स्टेशनावर गेला होता. शहरातल्या कारखान्यातली लादी लाकडाच्या भुशात घोळून, गोणपाटात शिवून, गाडीनं येते. भुसा झटकताना हात बधिर होतात. भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा उन्हाला आत जाऊ देत नाही, म्हणून ती लादी अजून लादी आहे. याच भुशात गुंडाळलेला बर्फ शंभर वर्षांमागे थेट अमेरिकेतून गलबतानं मुंबईला येत असे. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेली तळी कापायचा, बर्फ चार-चार महिने समुद्रातून प्रवास करायचा आणि मुंबईच्या बर्फघरात उतरायचा. जमशेटजी जीजीभाय यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं, तेव्हा ते खाऊन सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'नं छापली होती.

तुम्ही सर्दीची काळजी करू नका, दांडा धरा. लाकडी बादली, तिच्यात कल्हईचा उभा डबा, डब्यात आटीव दूध, साखर आणि हापूसचा रस. भोवती बर्फाचे तुकडे आणि त्यावर जाडं मीठ. मीठ आपल्याच परिसरातलं, मुलुंड-भांडुपच्या खाडीकाठच्या मिठागरांतलं, करडं, खडेवालं. नुसता बर्फ शून्य अंशावर अडतो, आणि साखरेचं दूध शून्यावर गोठत नाही. मीठ पडलं की बर्फाला शून्याच्या खालीही वितळावं लागतं. वितळायला लागणारी उष्णता तो भोवतालातून, म्हणजे तुमच्या दुधातून, हिसकावून घेतो. मीठ आणि बर्फ यांचं प्रमाण बरोबर जमलं तर मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. अंधेरीच्या अंगणात, एप्रिलात, विजेशिवाय!

फिरवा. आधी दांडा सहज फिरतो. पोरांचा गोंगाट कानाशी: "मी फिरवतो, मी फिरवतो!" एकाची बोटं मिठाच्या पाण्यात, दुसरा गुपचूप बर्फ चोखतोय, आजी ओरडते, "मीठ आत जाईल रे मेल्यांनो!" खांदा भरून येतो. मग दांडा जड होतो, आणखी जड, शेवटी तुमचं सगळं वजन टाकूनही हलत नाही. झाकण उघडतं. पिवळा, रवाळ, कडेला घट्ट आणि मधे मऊ. द्रोणात वाढलेला तो पहिला घास टाळूला लागतो आणि कपाळात कळ जाते. हा गारवा टिकवायला इथे काही नाही. आत्ताच संपवायचा, शेजाऱ्यांना बोलावून संपवायचा. बाळंतिणीला मात्र नाही. ती दाराआडून बघते आहे, आणि तिच्यासाठी आज पुन्हा शेगडीच आहे.

संध्याकाळी खोलीवर राहणाऱ्या एका ब्रह्मचारी कारकुनाकडे डोकावून निघू. त्याच्याकडे इकमिक कुकर आहे, कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० मध्ये काढलेला. उभं पत्र्याचं नळकांडं, तळाला थोडेसे कोळसे, वर पाणी आणि एकावर एक डबे: वरण, भात, भाजी. कोळसे पेटवून तो फिरायला जातो, परत येतो तेव्हा जेवण वाफेवर शिजून तयार. या सबंध दिवसात ज्याच्यापाशी बसून राहावं लागलं नाही असा हा एकच विस्तव. तो एका पुरुषाच्या खोलीत आहे, हे लक्षात ठेवा.

आता डोळे मिटा. उघडू नका, आधी अंगावर काही घ्या.

दात वाजतायत ना? तुम्ही घाटकोपरला आहात, २२ जानेवारी १९६२, पहाट. आज सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद होणार आहे, उपनगरांनी नोंदवलेली सर्वांत कडाक्याची थंडी. खाली स्टेशनाजवळच्या चाळींत एव्हाना विजेचे दिवे आहेत. तुम्ही उभे आहात डोंगराच्या उतारावर, पत्र्याच्या आणि कुडाच्या झोपड्यांमध्ये, जिथे तारा अजून चढलेल्या नाहीत. पत्र्याला हात लावू नका, चटका बसावा इतका गार आहे. मुंबईच्या माणसाकडे स्वेटर कुठला? बायकांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या मुलांभोवती गुंडाळल्यात, पुरुषांनी कानाला पंचे बांधलेत. शेकोटीभोवती पंधरा-वीस माणसं उकिडवी बसली आहेत. फळकुटं, कागद, पालापाचोळा, मधेच कुणी सायकलचा टायर टाकतो आणि काळा धूर सगळ्यांना मागे ढकलतो. सरका, जागा करून घ्या. पुढून भाजतं, पाठ गारठते. मग सगळे वळून पाठ शेकतात. अंधारात अनोळखी माणसांचे खांदे खांद्याला लागतात आणि त्या खांद्यांची ऊब शेकोटीपेक्षा बरी वाटते.

शेजारच्या झोपडीत स्टोव्ह पेटतोय. वाटीत स्पिरिट, निळी ज्योत, बर्नर तापेपर्यंत दम धरायचा, मग पंप. फस्स, भपका, पिवळा जाळ छताकडे! "पिन मार, पिन मार!" पिन घातली की छिद्र मोकळं होतं आणि घोंघाट करत निळा जाळ बसतो. रॉकेलची वाफ नाकात भरते. रॉकेल परवडत नाही त्यांच्याकडे भुशाची शेगडी आहे. ती भरायला बसा, शिकून घ्या. पत्र्याचा डबा, खालच्या बाजूला एक भोक. त्या भोकातून एक दांडकं आडवं घाला, मधोमध एक बाटली उभी धरा आणि वखारीतून आणलेला भुसा भोवती गच्च ठासा. मुठीनं ठोका, अजून, अजून. आता बाटली फिरवून अलगद वर काढा, दांडकं बाहेर ओढा. आत वाकडा बोगदा तयार झाला. खालून पेटतं फळकूट सरकवलं की भुसा बोगद्याच्या भिंतीवरून जळत बाहेरच्या बाजूला जातो, शांतपणे, तासन्‌तास. ठासणं सैल राहिलं तर भिंत ढासळते, शेगडी विझते आणि घर धुरानं भरतं. कारखान्यानं टाकून दिलेला भुसा, फेकलेला डबा, रिकामी बाटली. एवढ्यावर दोन वेळचं जेवण होतं आणि उरलेल्या धगीवर मुलाचा कान शेकायला मिठाची पुरचुंडी गरम होते. ती पुरचुंडी तुमच्या कानाला लावून बघा. अंधेरीतल्या बाजेखालच्या शेगडीचीच ही धाकटी बहीण.

या दोन्ही मुक्कामांत खोली तापवायचा किंवा गार करायचा खटाटोप जवळजवळ कुणीच केला नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. पडदे लावणारा वकील तेवढा वेगळा. बाकी सगळ्यांनी माणूस शेकला किंवा गार केला: ही कंबर, हा कान, हा घसा, हा पेला. म्हणूनच ते मूठभर कोळशात आणि लोटाभर पाण्यात भागलं. आज आपण बंद खोलीतली सगळी हवा गार करतो, कपाट आणि टेबलासकट, आणि तिच्यातली उष्णता खिडकीतून शेजाऱ्याकडे सोडतो. मला जुना धूर परत नको आहे. काकूंचे डोळे आणि त्या सुईणीचा खोकला पाहिल्यावर तो कुणालाच नको वाटावा. पण शरीराला जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच देण्याची ती रीत आपण उगाच सोडली. आणि ज्यांच्याकडे वीज अजूनही भरवशाची नाही, त्यांच्यासाठी ही रीत नव्यानं कामाला येते आहे. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली, आणि त्यात भाजी कितीतरी दिवस टिकायला लागली. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींनी मातीचा विजेशिवाय चालणारा फ्रीज घडवला. दोन्हींच्या पोटात आपला माठच आहे.

परत आलात? मग या उन्हाळ्यात एक माठ घ्या. घेताना टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे. बाहेरून रंग किंवा चकाकी चढवलेला घेऊ नका, छिद्रं बुजतात आणि तो गार करत नाही. आणलात की एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी टाकून द्या. आतून साबणानं घासू नका. आणि जागा मात्र काकूंनी दाखवली तीच: खिडकीपाशी, उंचावर, वाऱ्यात. वीज गेल्यावर थंडीत कोळशाची शेगडी घरात आणायची वेळ आलीच, तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी ती शेगडी बाहेर ठेवा.